नावामागे नको, जमिनीमागे जा: वसाहतकाळातल्या अमेरिकी पूर्वजाचा माग कसा काढायचा

नातवाला शाळेत वंशवृक्ष काढून आणायला सांगितला होता. बाबांच्या बाजूची सात नावं आम्ही भराभर सांगितली, कारण त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत ती लिहिलेली होती. आईच्या बाजूला मात्र पणजोबांपाशी हात थांबला. सून अमेरिकन, तिचं माहेर मिडवेस्टातलं. तिच्या आजीकडून ऐकलेलं एकच वाक्य घरात होतं: ‘आपले लोक फार पूर्वी मॅसॅच्युसेट्समधून आले.’ तिथून मी या कामाला लागलो आणि आता सहा वर्षं झाली.

आज कितीतरी मराठी घरांत अमेरिकन सुना-जावई आहेत. त्यांच्या मुलांचा अर्धा वंश वाई-सावंतवाडीत आणि अर्धा व्हर्जिनिया-पेन्सिल्व्हेनियात. या दुसऱ्या अर्ध्याचा शोध कसा घ्यायचा, हे मराठीत नीट लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हा लेख.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. वसाहतकाळातला माणूस नुसत्या नावावरून सापडत नाही. तो सापडतो त्याच्या जमिनीवरून आणि शेजाऱ्यांवरून. ‘इथून गेला’ आणि ‘तिथे आला’ ही दोन टोकं एखाद्या कागदाने बांधलेली असतील, तरच स्थलांतर सिद्ध झालं म्हणायचं. दोन गावांत एकच नाव दिसलं, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही.

उदाहरण म्हणून सुनेच्या घराण्याऐवजी अब्राहम लिंकनचं घराणं घेतो. ते सार्वजनिक आहे, त्याचे कागद चांगले तपासले गेले आहेत, आणि दोनशे वर्षांत मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी, पेन्सिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, केंटकी, इंडियाना, इलिनॉय अशी त्यांची वाट त्या काळच्या हजारो कुटुंबांचीच वाट आहे. दुसरं कारण असं की खुद्द लिंकनला आपलं मूळ सापडलं नव्हतं. मार्च १८४८मध्ये त्याने मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगमच्या सॉलोमन लिंकनशी याबाबत पत्रव्यवहार केला. पुढे १८५९च्या आपल्या छोट्या आत्मवृत्तात त्याने लिहिलं, की आजोबा व्हर्जिनियाच्या रॉकिंगहॅम काउंटीतून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) केंटकीत गेले आणि त्यांचे पूर्वज पेन्सिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीतले. न्यू इंग्लंडमधल्या (मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या राज्यांतल्या) लिंकन घराण्याशी नातं जुळवण्याचा प्रयत्न झाला, पण हाती लागलं ते एवढंच, की एनॉक, लेव्हाय, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम ही नावं दोन्हीकडे आढळतात. नावं सारखी होती, कागद नव्हता. तो कागद पुढच्या पिढ्यांतल्या संशोधकांनी दाखवला.

जवळच्या टोकापासून सुरुवात करा

सगळ्यांना जहाजापासून सुरुवात करायची घाई असते, आणि फसगत तिथेच होते. आपण ज्याला नक्की ओळखतो त्या माणसापासून एकेक पिढी मागे जायचं.

१८५०च्या जनगणनेपर्यंत वाट सोपी आहे. त्या वर्षापासून घरातल्या गुलाम नसलेल्या प्रत्येकाचं नाव, वय आणि जन्माचं राज्य नोंदलं गेलं. १८८०च्या जनगणनेत आई-वडिलांचं जन्मराज्यही आहे, त्यामुळे मुलगा इलिनॉयमध्ये आणि बाप केंटकीत जन्मलेला असेल तर तेही एका ओळीत कळतं. १८९०ची जनगणना जवळजवळ सगळी गेली, तिचे कागद १९२१च्या आगीत खराब झाले. १७९० ते १८४०च्या जनगणनांत फक्त घरमालकाचं नाव असतं आणि बाकीची माणसं वयोगटाच्या रकान्यांत नुसत्या आकड्यांनी दिसतात. ते आकडे टाकून देऊ नका. दहा वर्षांच्या आतले तीन मुलगे १८१०ला असतील, तर १८२०च्या नोंदीत ते पुढच्या रकान्यांत सरकलेले दिसायला हवेत. तसे दिसत नसतील तर माणूसच दुसरा असू शकतो.

मी सुरुवातीला एक मोठी चूक केली. एका संकेतस्थळावर कोणीतरी चढवलेला तयार वंशवृक्ष मिळाला, तो मी जसाच्या तसा वहीत उतरवला. दीड वर्षाने एका खरेदीखतात आमच्या ‘पूर्वजाची’ बायको सही करताना दिसली, आणि त्या झाडाप्रमाणे ती चार वर्षांपूर्वीच वारलेली होती. एकाच काउंटीतल्या एकाच नावाच्या दोन माणसांना कोणीतरी जोडून टाकलं होतं. दीड वर्षाचं काम मागे घ्यावं लागलं. लोकांचे वृक्ष इशारा म्हणून पाहावेत, पुरावा म्हणून कधीच नाही.

आधी नकाशा, मग नाव

प्रत्येक पूर्वजासाठी एक साधा तक्ता करा: वर्ष, जागा, कागद, आणि त्या वर्षी ती जागा कुठल्या काउंटीत होती. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

पुणे जिल्ह्यातला तालुका उद्या दुसऱ्या जिल्ह्यात गेला तर जुने फेरफार कुठे शोधायचे, हा प्रश्न आपल्याला कळतो. अमेरिकेत तेच पुन्हा पुन्हा घडलं. वस्ती पश्चिमेला सरकली तशा मोठ्या काउंट्या तुटून नव्या झाल्या, आणि जुने कागद बहुतेक मूळ काउंटीच्या कचेरीतच राहिले.

लिंकनचे खापरपणजोबा मॉर्डेकाय आज ज्याला बर्क्स काउंटी म्हणतात त्या भागात १७३६मध्ये वारले. पण बर्क्स काउंटी झाली १७५२मध्ये. त्यामुळे त्यांचं मृत्युपत्र फिलाडेल्फियाला दाखल झालं. बर्क्सच्या कचेरीत कितीही शोधलं तरी ते मिळणार नाही. त्यांचा मुलगा जॉन १७६८मध्ये व्हर्जिनियात लिनव्हिल क्रीक या ओढ्याकाठी आला, तेव्हा ती जागा ऑगस्टा काउंटीत होती. रॉकिंगहॅम काउंटी १७७८ची. म्हणजे माणूस घरातून हललाही नाही आणि त्याच्या कागदांचा पत्ता बदलला.

यासाठी शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीने केलेला काउंटी-सीमांचा ऐतिहासिक नकाशासंग्रह इंटरनेटवर मोफत आहे. तारीख टाकली की त्या दिवशीच्या सीमा दिसतात. मी कोणताही कागद उघडण्याआधी तो पाहतो.

नकाशावर वाटाही आखून ठेवा. फिलाडेल्फियाहून लँकेस्टर, यॉर्क, मग शेनांडोआ खोऱ्यातून दक्षिणेला कॅरोलायनापर्यंत जाणारा ग्रेट वॅगन रोड ही अठराव्या शतकातली मोठी वाट. डॅनियल बून या वाटाड्याने १७७५मध्ये कंबरलँड खिंडीतून पाडलेली वाइल्डरनेस रोड ही केंटकीत शिरण्याची. माणूस पेन्सिल्व्हेनियात दिसेनासा झाला तर आधी याच रांगेतल्या काउंट्या पाहायच्या, इकडेतिकडे भटकायचं नाही.

तारखा, अक्षर आणि स्पेलिंग

ब्रिटिश वसाहतींत १७५२पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. गुढीपाडव्याला संवत्सर बदलणाऱ्या आपल्यासारख्यांना हे समजायला अवघड नाही. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचे पहिले २४ दिवस जुन्या वर्षातच मोजले जात. मॉर्डेकायचं मृत्युपत्र २२ फेब्रुवारी १७३५/३६चं आहे, म्हणजे त्या काळच्या हिशोबाने १७३५ आणि आपल्या हिशोबाने १७३६. अशा तारखा दोन्ही वर्षं लिहूनच उतरवून घ्या. नाहीतर लग्नाआधी मूल किंवा मृत्यूनंतर मृत्युपत्र अशा विचित्र गोष्टी निघतात. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक महिन्यांची नावं न लिहिता ‘पहिला महिना’, ‘दुसरा महिना’ असं लिहीत, आणि १७५२पूर्वी त्यांचा पहिला महिना मार्च. त्याच वर्षी सप्टेंबरमधले ११ दिवस गाळले गेले: २ तारखेनंतर थेट १४.

सतराव्या शतकातलं अक्षर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला मोडीची आठवण झाली. मोडीसारखंच हेही सरावाने येतं. एका लेखनिकाची चार-पाच पानं घ्या, जी नावं आधीच माहीत आहेत त्यांच्यावरून त्याची अक्षरं वेगळी काढा आणि अक्षरांचा तक्ता करा. मग पुढची पानं उलगडत जातात.

स्पेलिंगवर अडून बसू नका. लेखनिक कानावर पडेल तसं लिही. न्यू जर्सीत मॉर्डेकायची मुलगी डेबोरा ३ वर्षं ४ महिन्यांची असताना मे १७२०मध्ये गेली. तिच्या छोट्या दगडावर आडनाव ‘लिंकन’ असं कोरलं आहे, पण आज लिहितात त्यातलं एक अक्षर त्यात नाही. १६३७च्या यादीत हेच आडनाव ‘लिंकॉर्न’ आहे आणि १७८०च्या केंटकीच्या जमिनीच्या वॉरंटवर, म्हणजे जमीन मिळण्याच्या हक्कपत्रावर, ‘लिंकहॉर्न’. संगणकावर फक्त आजच्या स्पेलिंगने शोधणाऱ्याला यातला एकही कागद दिसणार नाही. आडनाव मोठ्याने उच्चारा, ते जितक्या प्रकारे लिहिता येईल तितक्या प्रकारे लिहून काढा आणि प्रत्येकाने शोधा.

नात्याचे शब्दही जपून वाचा. ‘ज्युनिअर’ म्हणजे मुलगा असेलच असं नाही. गावात एकाच नावाचे दोघे असले की धाकट्याला ज्युनिअर म्हणत, मग ते काका-पुतणे असोत किंवा परके. थोरला वारला की ज्युनिअरचा सिनिअर होई. ‘कझिन’ शब्द भाच्या-पुतण्यांसाठीही वापरत, आणि ‘सन-इन-लॉ’ हा कधी कधी सावत्र मुलगा असे.

जमिनीचे कागद: इथे जास्तीत जास्त वेळ द्या

माझ्या वेळाचा निम्मा भाग खरेदीखतांत जातो आणि त्याचा कधी पश्चात्ताप झाला नाही. जन्म-मृत्यूच्या नोंदी न्यू इंग्लंडबाहेर तुरळकच. शेती करणाऱ्या माणसाचा जमिनीचा कागद मात्र बहुधा कुठेतरी असतोच, आणि जमिनीच्या हक्कासाठी लिहिलेला असल्यामुळे तो काळजीने लिहिलेला असतो.

काउंटीच्या खरेदीखतांना दोन सूची असतात: एक लिहून देणाऱ्यांची, एक लिहून घेणाऱ्यांची. दोन्ही पाहायच्या. लिहून घेतलेलं पहिलं खत म्हणजे माणूस कधी आला, कुठून आला. लिहून दिलेलं शेवटचं खत म्हणजे कधी निघाला. खताच्या सुरुवातीला ‘अमुक काउंटीतला तमुक’ असं लिहिलेलं असतं, आणि ते वाक्य सोन्याच्या मोलाचं. नव्या जागी जमीन घेताना माणूस अनेकदा अजून जुन्या काउंटीचा रहिवासी म्हणून नोंदला जातो. किंवा स्थलांतर झाल्यावर जुन्या जागेतली जमीन विकताना नव्या काउंटीचं नाव येतं. दोन्ही टोकं एकाच कागदावर.

लिंकन घराण्याची गाठ नेमकी अशीच सुटली. फिलाडेल्फियातल्या मृत्युपत्रात मॉर्डेकायने थोरला मुलगा जॉन याला न्यू जर्सीतली ३०० एकर जमीन दिली होती. ती जमीन जॉनने १७४८मध्ये विकली. त्या खतात तो स्वतःला लँकेस्टर काउंटीतल्या कर्नार्व्हन टाउनशिपचा विणकर आणि अ‍ॅमिटीच्या कैलासवासी मॉर्डेकाय लिंकनचा मुलगा व वारस म्हणवतो. जमीन न्यू जर्सीत, बाप पेन्सिल्व्हेनियात, मुलगा दुसऱ्या काउंटीत, धंदा विणकाम, आणि नातं स्पष्ट लिहिलेलं. लिंकनने नावं जुळवून जे शोधलं ते न्यू जर्सीच्या एका विक्रीखतात पडून होतं. पेन्सिल्व्हेनिया आणि मॅसॅच्युसेट्स यांच्यामध्ये न्यू जर्सीचा मुक्काम होता आणि तोच घरात विसरला गेला होता.

म्हणून पूर्वजाने सोडलेल्या जागेत त्याच्या जाण्यानंतरची किमान वीस-पंचवीस वर्षं सूची चाळा. मागे राहिलेली जमीन, बापाच्या वाटणीतला हिस्सा, बायकोला माहेरून मिळालेला तुकडा, या गोष्टी विकायला माणूस उशिरा कागदावर येतो.

बायकोची सही किंवा संमतीही पाहा. जमीन विकताना बायको आपला हक्क सोडते, त्यातून तिचं नाव मिळतं आणि तारीखही. लिंकनच्या आजोबांनी, कॅप्टन अब्राहम यांनी, लिनव्हिल क्रीकची जमीन फेब्रुवारी १७८०मध्ये विकली. त्याच सुमारास केंटकीच्या ४०० एकरांचं वॉरंटही घेतलं. एवढ्यावरून कोणीही लिहील की कुटुंब १७८०मध्ये केंटकीला गेलं. पण पत्नी बाथशिबाची संमती व्हर्जिनियात घेतली गेली ती सप्टेंबर १७८१मध्ये. म्हणजे तोवर ती तिथेच होती. जमीन घेणं ही एक तारीख, घरदार हलवणं ही दुसरी.

आता चतुःसीमा. आपल्या खरेदीखतात ‘पूर्वेस अमक्याची जमीन, दक्षिणेस ओढा’ असतं, तसंच इथेही. मूळ वसाहती, केंटकी आणि टेनेसीत जमीन झाडं, दगड, ओढे धरून मोजत: पांढऱ्या ओकपासून उत्तर ४० अंश पूर्व, १२० पोल, तिथून हिकरीच्या झाडापर्यंत. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट, ३२० पोलांचा मैल. हे वर्णन आलेख-कागदावर कोनमापक घेऊन स्वतः काढा. एक सेंटिमीटरला २० पोल धरलं तर मध्यम शेत पानावर बसतं. शेवटची रेघ पहिल्या ओकला परत येऊन भिडली पाहिजे. मग शेजाऱ्याचं खत काढा, त्याचीही आकृती करा आणि दोन्ही जुळवा. ज्या दिवशी दोन तुकड्यांची कड माझ्या कागदावर अशी जुळली, त्या दिवशी ते शेजारी माझ्यासाठी खरे झाले. आणि काउंटीत एकाच नावाचे दोघे असतील, तर कोणाचं शेत कुठल्या ओढ्यावर हे कळल्याशिवाय त्यांना वेगळं करता येत नाही.

या मोजणीतल्या चुकांनी माणसं विस्थापितही झाली. लिंकनचे वडील थॉमस यांनी केंटकीत २३८ एकर म्हणून घेतलेली जमीन १८१४मध्ये २०० एकर म्हणून विकावी लागली. १८१६मध्ये ते इंडियानाला गेले, त्याचं मुख्य कारण केंटकीतल्या जमिनीच्या हक्कांची भानगड, असं मुलाने लिहून ठेवलं आहे. गुलामगिरी हे दुसरं. इंडियानात संघराज्य सरकारने जमीन चौकोनात आखून दिली होती. थॉमसने १८१७मध्ये व्हिन्सेन्सच्या भूमी-कचेरीत नोंद केली. अशा सरकारी जमिनींच्या सनदा संघराज्याच्या भूमी-व्यवस्थापन खात्याच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतात, सनदेची प्रत मोफत मिळते. मूळ तेरा राज्यं, केंटकी आणि टेनेसी यांच्या सनदा मात्र त्या-त्या राज्याच्या दप्तरात.

शेजारी आणि सोयरे

एकटं कुटुंब क्वचित निघे. चुलते, मेहुणे, एकाच चर्चमधली घरं मिळून जात आणि नव्या जागीही जवळजवळ राहत. म्हणून प्रत्येक कागदातले साक्षीदार, जामीन, मृत्युपत्राचे विश्वस्त, शेताचे शेजारी यांची वेगळी वही ठेवा. आपला माणूस नाहीसा झाला तर त्या वहीतलं सगळ्यात दुर्मिळ आडनाव निवडा आणि ते पुढे कुठे दिसतं ते पाहा. ‘स्मिथ’च्या मागे जाऊन काही होत नाही, पण ‘लिनव्हिल’च्या मागे गेलं तर वाट सापडते.

मॉर्डेकायच्या मृत्युपत्रात जॉर्ज बून विश्वस्त आहे. बून घराणं शेजारी राहणारं, क्वेकर. मॉर्डेकायच्या मृत्यूनंतर जन्मलेला त्याचा मुलगा अब्राहम याने १७६०मध्ये अ‍ॅन बूनशी लग्न केलं. ती डॅनियल बूनची चुलत बहीण. आणि डॅनियलचे वडील १७५०च्या सुमारास बर्क्स सोडून व्हर्जिनियाच्या खोऱ्यातून कॅरोलायनाकडे गेले, पुढे डॅनियलने केंटकीची वाट उघडली. लिंकन व्हर्जिनियात आणि मग केंटकीत का गेले, याचा अंदाज त्यांच्या नोंदींइतकाच बून घराण्याच्या नोंदींतून येतो.

क्वेकर नातेवाईक निघाले तर नशीब समजा. त्यांच्या मासिक सभेच्या वहीत कोण कुठल्या सभेकडे जायला निघालं याचे दाखले उतरवलेले असतात, आणि दुसऱ्या टोकाला तो दाखला पोचल्याचीही नोंद असते. सभेबाहेर लग्न केलं तर त्याचीही.

त्या काळचा कायदा वाचल्याशिवाय कागद कळत नाही

कॅप्टन अब्राहम केंटकीत १७८६मध्ये शेतावर मारले गेले. घरातल्या आठवणीत हे १७८४च्या आसपास घडलं होतं, कागद १७८६ सांगतात. हल्ला करणारे लोक तिथले मूळ रहिवासी होते, आणि ही सगळी जमीन त्यांच्याकडून घेतलेली होती. वॉरंटवर त्यांचं नाव कुठेच नाही, हे वाचताना लक्षात असू द्यावं.

अब्राहम यांचं मृत्युपत्र नव्हतं. केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होती आणि तिथे थोरल्या मुलालाच सगळी जमीन जाई. हा नियम व्हर्जिनियाने रद्द केला तो १ जानेवारी १७८७पासून. काही महिन्यांचा फरक, पण सगळी जमीन थोरल्या मुलाला (त्याचंही नाव पणजोबांसारखं मॉर्डेकायच) गेली आणि धाकटा थॉमस मजुरी करत वाढला. हा कायदा माहीत नसेल तर वारसाच्या कागदात थॉमस दिसत नाही म्हणून तो या घरातलाच नाही, असं कोणी म्हणू शकेल. जमीन एकाच मुलाने परस्पर विकली असेल, तर तो एकुलता होता असं मानू नका. आधी त्या वसाहतीचा त्या वर्षीचा वारसाहक्क पाहा.

बाकीचे कागद, थोडक्यात

व्हर्जिनियाच्या कर-याद्या १७८२पासून जवळजवळ दरवर्षीच्या आहेत आणि तिथली १७९०ची जनगणना हाती नसल्यामुळे त्यांचं मोल फार. एका वर्षी नाव आहे, पुढच्या वर्षी नाही, याचा अर्थ मृत्यू किंवा प्रस्थान. मृत्यू असेल तर बहुधा बायकोच्या किंवा इस्टेटीच्या नावाने कर सुरू होतो. प्रस्थान असेल तर सगळंच थांबतं.

न्यू इंग्लंडमध्ये गावाची दप्तरं पाहा. गरीब नवागताचा भार गावावर पडू नये म्हणून त्याला गाव सोडण्याची लेखी सूचना देत. त्या सूचनेत तो कुठून आला हे अनेकदा लिहिलेलं असतं, बायको-मुलांच्या नावांसह. एखाद्या कुटुंबाचा अपमान करणारा कागद आज त्याचा एकमेव पत्ता ठरतो.

पूर्वज स्वातंत्र्ययुद्धात लढला असेल तर १८३२च्या कायद्याखालचा पेन्शनचा अर्ज आधी काढा. अर्जदाराला ठराविक प्रश्न विचारत: जन्म कुठे आणि कधी, सैन्यात गेलात तेव्हा कुठे राहत होता, युद्धानंतर कुठे कुठे राहिलात, आता कुठे राहता. म्हातारा सैनिक शपथेवर आपलं सगळं स्थलांतर स्वतःच सांगतो. यापेक्षा चांगला कागद मला माहीत नाही.

कागद कुठे पाहायचे? फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळापासून सुरुवात करा, खातं मोफत आहे. नावाच्या सूचीत जे मिळत नाही ते तिथल्या संपूर्ण-मजकूर शोधात मिळतं. त्यात संगणकाने हस्ताक्षर वाचलेली खरेदीखतं आणि वारसाचे कागद आहेत, आणि साक्षीदार म्हणून आलेलं नावही सापडतं. संगणकाचं वाचन चुकतं, म्हणून मूळ पान डोळ्यांनी पाहायचंच. व्हर्जिनियाच्या जमिनीच्या सनदा लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाने इंटरनेटवर ठेवल्या आहेत. न्यू इंग्लंडसाठी बॉस्टनची १८४५मध्ये स्थापन झालेली वंशावळ संस्था आहे. आणि काउंटी कचेरीला पत्र लिहायला संकोचू नका. पुस्तक आणि पान क्रमांक दिला तर प्रत सहसा मिळते. ‘माझ्या पूर्वजाबद्दल जे असेल ते पाठवा’ असं लिहिलं तर मिळत नाही.

समुद्र सगळ्यात शेवटी

जहाजांच्या प्रवाशांची नियमित सरकारी यादी १८२०पासूनची. त्याआधी इंग्लंडमधून येणारा माणूस राजाचाच प्रजाजन, त्याची नोंद सहसा कोणी ठेवत नसे. पेन्सिल्व्हेनियात १७२७पासून याद्या आहेत त्या जर्मन आणि इतर परकीयांच्या, त्यांच्याकडून निष्ठेची शपथ घेत म्हणून. व्हर्जिनियात प्रत्येक आणलेल्या माणसामागे ५० एकर मिळत, त्या सनदांत नावांच्या याद्या असतात. पण हे हक्क विकले जात, वर्षानुवर्षं पडून राहत. सनदेची तारीख ही आल्याची तारीख नव्हे.

न्यू इंग्लंडमध्ये १६२० ते १६४०च्या काळात सुमारे २०,००० माणसं आली, आणि त्यातल्या काहींचीच निघतानाची चौकशी टिकली आहे. एप्रिल १६३७मध्ये इंग्लंडमधल्या नॉरिचचा विणकर फ्रान्सिस लॉज न्यू इंग्लंडला जाण्यासाठी हजर झाला. त्याची बायको, एक मुलगी आणि दोन नोकर अशी नोंद आहे. त्यातला एक नोकर ‘सॅम्युएल लिंकॉर्न, वय १८’.

आता हाच मॉर्डेकायचा आजोबा सॅम्युएल हे कसं ठरवायचं? इंग्लंडच्या नॉरफोकमधल्या हिंगमच्या चर्चच्या वहीत सॅम्युएल लिंकनचा बाप्तिस्मा २४ ऑगस्ट १६२२चा आहे, म्हणजे १६३७च्या वसंतात तो जेमतेम १४-१५ वर्षांचा. वय जुळत नाही. शिवाय मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगम गावात त्या काळी एकट्या थॉमस लिंकन नावाचे चौघे होते, आणि गावाच्या कागदांत ते धंद्यावरूनच वेगळे केलेले आहेत: गिरणीवाला, विणकर, पिंपं करणारा आणि शेतकरी. इथे पुन्हा शेजार आणि धंदा हेच उपयोगी पडले. विणकर थॉमस हा सॅम्युएलचा भाऊ. सॅम्युएल आला तो विणकराच्या घरातला, स्थिरावला भावाच्या गावात, आणि त्या गावाचं नाव ज्या गावावरून पडलं तिथल्याच वहीत त्याचा बाप्तिस्मा. वयाची विसंगती लपवायची नाही. टिपणात ती तशीच लिहायची, बाजूने कोणते पुरावे आहेत ते लिहायचं, आणि विरुद्ध कोणता तेही. माझ्या वहीत सुनेच्या घराण्याच्या सहाव्या पिढीपुढे अशीच एक विसंगती पेन्सिलने लिहिलेली आहे, आणि शेजाऱ्यांची खतं मी अजून काढतो आहे.